कंबरदुखीसाठी आयुर्वेद आणि अ‍ॅलोपॅथी एकत्र घेतलं तर चालतं का?

दीड वर्ष झालं कंबर धरलीये. सकाळी मोजे घालायला वाकता येत नाही, एक पाय स्टुलावर ठेवून कसंबसं जमवतो. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलीये म्हणाले. डॉक्टरांनी व्यायाम आणि फारच दुखलं तर डायक्लोफेनॅक ही पेनकिलर दिलीये, वैद्यांकडे कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवतात ती) आणि काढा चालू आहे. दोघांनाही एकमेकांचं सांगितलेलं नाही, चिडतील असं वाटतं. कुणी दोन्ही एकत्र केलंय का?

प्रतिसाद १
दादा, आधी दोघांना सांगून टाका. मी लपवलं होतं, माझ्या काढ्यात ज्येष्ठमध होतं आणि वरून रोज पेनकिलर, महिन्याभरात पावलं इतकी सुजली की चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जाईना, बीपी तपासलं तर १७०. ज्येष्ठमधाने अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, पेनकिलरनेही बीपी चढतं. डॉक्टर चिडले नाहीत हो, काढ्याची बाटली घेऊन या एवढंच म्हणाले.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे. गादी सरकल्याचं वाचून घाबरू नका, अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयमध्येही ते दिसतं. दुखणं १२ आठवड्यांहून जास्त चाललं की खरा आधार व्यायामाचाच. डब्ल्यूएचओच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये व्यायामासोबत मसाजही आहे, कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) मात्र नेहमीचा उपचार म्हणून नको म्हटलंय. त्यामुळे तेल-शेक खुशाल घ्या, पण शेकून बरं वाटलं की लोक आडवे होतात तिथे गाडी अडते, अंग मोकळं झालंय तेव्हाच व्यायाम उरकायचा. आणि लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं तर काढा नाही, गोळी नाही, लगेच इमर्जन्सीत जा.

प्रतिसाद ३
सगळं एकदम सुरू करू नका, कशाने गुण आला तेच कळत नाही. आणि लेबल नसलेल्या पुडीतल्या 'जादूच्या' गोळ्या नकोच, अशांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. आत्ताच वैद्यांना फोन केला, ज्येष्ठमध आहे म्हणाले. बीपीची गोळी मीही घेतो, हे त्यांना आज पहिल्यांदा सांगितलं. काढा लगेच बंद करायला सांगितलाय, उद्या बीपी मोजून घेतो.