छोट्या ग्रिलला कोळसा की गॅस?

कृष्णाकाठ, सांगली: काल इथं एकानं ठोकून दिलं, "छोट्या ग्रिलला गॅसच घ्या, कोळसा म्हणजे नुसता धूर आणि राख." धूर होतो तो अर्धवट पेटलेल्या कोळशाचा. १४ इंची ग्रिलला किलोभर बाभळीचा कोळसा पुरतो. पत्र्याच्या चिमणीत, म्हणजे खाली जाळी असलेल्या उभ्या नळकांड्यात भरा, खाली कागदाचे दोन बोळे पेटवा आणि २० मिनिटं हात लावू नका. कडा पांढऱ्या झाल्या की सगळा एका बाजूला ओता, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे करपायला लागलेला तुकडा तिकडं सरकवता येतो. काळ्या कोळशावर जाळी ठेवायची आणि वर नावं ठेवायची, हे चालणार नाही.

कासवाट, सातारा: पेटवणं सांगितलंत, विझवण्याचं काय? राखेखालचा निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. फेब्रुवारीत बामणोलीकडचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. तिथं राख झटकून निघालात की वणवा लागलाच म्हणून समजा. गॅसची चावी बंद केली, विषय संपला.

कृष्णाकाठ, सांगली: झाकण लावा, खालची-वरची भोकं बंद करा. हवा तुटली की कोळसा विझतो, उरलेला पुढच्या खेपेला वापरता येतो. आणि छोट्या ग्रिलची तुमची ती गॅसची डबी बहुतेक वेळा ब्युटेन वायूची असते. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. त्यात गॅस वापरला जातो तशी डबी आणखी गार पडते. महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे ज्योत मरते ती त्यामुळंच. प्रोपेन हा दुसरा वायू उणे ४२ अंशांपर्यंत चालतो, पण त्याची डबी मिळते कुठं?

कासवाट, सातारा: डबी कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा, ज्योत परत येते. थंडीचं मान्य, पण वर्षातले किती दिवस?

मिरजवाला: मटणाचं राहू द्या. कृष्णा नदीकाठचं भरिताचं वांगं गॅसवर भाजून दाखवा! साल जळते, देठाजवळ कच्चं राहतं. गॅस जळताना पाण्याची वाफही होते. निखाऱ्याची आच कोरडी, २०-२५ मिनिटांत गर लोण्यासारखा होतो.

कासवाट, सातारा: भरिताला वास येतो तो जळक्या सालीचा, कोळशाचा नाही. पांढऱ्या निखाऱ्याला स्वतःचा वास उरतोच किती? आच बारीक ठेवा, दर तीन मिनिटांनी वांगं फिरवा.

मिरजवाला: सालीचं म्हणणं बरोबर असेल. पण बारीक आचेवर भर वाऱ्यात ज्योत टिकत नाही, आणि आडोशाला पत्रा लावलात तर डबी तापते. फुटली तर कोण जबाबदार?

कासवाट, सातारा: डबीला चिकटून पत्रा लावा असं मी कुठंही म्हटलेलं नाही! नळीचा स्टोव्ह घ्या, डबी हातभर लांब ठेवा, पत्रा फक्त बर्नरला.

कृष्णाकाठ, सांगली: नळीचा असेल तर वाऱ्याचा मुद्दा मी सोडतो. वांग्याचा नाही. भाजण्याआधी सुरीनं चार ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून फुटतं, आणि देठ कापू नका, फिरवताना धरायला लागतो.