विषय: कापसाच्या ढिगातलं पिल्लू (तातडीचं)

मंडळी नमस्कार,
मी सध्या गावी, दारव्हा तालुक्यात. इथे रात्रीचे अडीच, तुमच्याकडे दुपारचे चार, म्हणून तुम्हालाच विचारतो. घरातल्या कापसाच्या ढिगात मांजर व्याली. चार पिल्लं तोंडात धरून माळ्यावर नेली, पाचवं तिथंच टाकलं. अंग थंडगार. तोंड उघडतं, आवाज निघत नाही. आई गाईचं दूध वातीनं पाजायला निघाली होती. मी हात धरला, तर आता माझ्याशी अबोला. तालुक्याचा दवाखाना सकाळी उघडेल. तोवर काय करू?

---

भाऊ, आईंचा रुसवा सकाळी काढा. दूध आत्ता कुठलंच नको. मी इथे पोरकी पिल्लं घरी आणून वाढवते, याच चुकीनं दोन गमावली आहेत. थंड पिल्लाचं आतडं चालत नाही. दूध पोटात तसंच राहतं, नाहीतर फुफ्फुसात उतरतं. एवढ्याशा जिवाला कुडकुडताही येत नाही, ऊब बाहेरूनच द्यायची. पहिल्या आठवड्यात अंग ३५ ते ३७ अंश सेल्सिअस हवं. आधी बनियनच्या आत छातीशी धरा. मग कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, फार गरम वाटलं तर त्याला सरकता यावं. चुलीपाशी नको, कातडी भाजते. तास-दोन तास लागू द्या. साखरेच्या पाण्याचा एखादा थेंब हिरडीला चोळा, पाजू नका.

---

हा धागा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा होता ना? असो. पिल्लू कसं आहे?

---

वहिनी, चार वाजले. छातीशी धरलंय, आता नखं टोचतात. काट्यावर ८२ ग्रॅम. पुढे दूध कोणतं? गावात पावडर मिळते ती चहाची.

---

नखं टोचतात? छान! गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाएवढी प्रथिनं नाहीत, चरबीही नाही, वर हगवण लागते. सगळ्यांत चांगली त्याची माय. अंग नीट गरम झालं की माळ्यावर नेऊन तिच्यापाशी ठेवा. थंड पिल्लू मांजर बाजूला सारते, ऊबदार बऱ्याचदा जवळ घेते. नाहीच घेतलं तर नागपूरहून मांजरीच्या पिल्लांची दूधपावडर मागवा. दर दोन-तीन तासांनी, पालथं ठेवूनच पाजा. उताणं कधीच नाही. पाजल्यावर कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली पुसा, एरवी माय चाटते तेव्हाच त्याला लघवी होते. कापूस घरचाच आहे, फक्त सरकी काढा! वजन रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर अंगावर पिसवा बघा, आणि डॉक्टरांकडे न्यायला उशीर नको.

---

साडेसहा. माळ्यावर ठेवलं. मायनं दोनदा हुंगलं, एकदा चाटलं. दूध ओढतंय का ते अंधारात दिसत नाही, शिडीवरच बसलोय. आई खालून विचारते, "बाटलीत अजून ऊन पानी टाकू का रे?"