मदत हवी आहे : एकाच विषयावरील वेगवेगळ्या लेखनप्रकारांना गुण कसे द्यावेत?

पदवीच्या इतिहास वर्गात १९७२ च्या दुष्काळावर मी विद्यार्थ्यांकडून निबंध, वृत्तपत्रीय लेख आणि रोजगार हमीच्या कामावरील मजुराचे काल्पनिक आत्मकथन लिहून घेते. निबंधात १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापर्यंतची कारणपरंपरा ते नीट मांडतात. परंतु कामाचे मोजमाप कोण करत असे, प्यायचे पाणी कुठून येत असे, हे प्रश्न त्यांना आत्मकथन लिहितानाच पडतात आणि मग ते आपणहून तेव्हाची वृत्तपत्रे चाळतात, घरातील वडीलधाऱ्यांना विचारतात. मला हे शिकणे फार मोलाचे वाटते. अडचण गुणांकनाची आहे. कल्पनेला वाव देऊनही पुराव्याची शिस्त तपासता येईल, असे निकष कोणी वापरले आहेत का? आत्मकथन निबंधाआधी द्यावे की नंतर, याविषयीचा अनुभवही कृपया कळवावा.