कोजागिरीच्या यादीतलं 'रसिक बलमा'

ए-१०२ ताई (सांस्कृतिक समिती): कोजागिरीच्या गाण्यांची यादी आज रात्री पक्की करतेय. माझी लेक 'रसिक बलमा' म्हणणार आहे. निवेदनात 'फिल्मफेअर मिळालेलं गाणं' असं लिहिलंय. चालेल ना?

बी-३०४ काका: ताई, तेवढं वाक्य बदल. पुरस्कार गाण्याला नव्हता, 'चोरी चोरी' सिनेमाच्या संगीताला होता. १९५७ च्या सोहळ्यात तो शंकर-जयकिशनना मिळाला. समारंभात लताबाईंनी हेच गाणं म्हणावं अशी त्यांची इच्छा होती आणि बाईंनी नकार दिला. गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला तुम्ही बक्षीस देत नाही ना, मग नुसती चाल वाजवा, शब्द आणि आवाज कशाला हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

ए-१०२ ताई: अगंबाई! हे माहीतच नव्हतं.

डी-५०१ दादा: काका, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. 'बरसात'पासून त्या शंकर-जयकिशनकडे गात होत्या. घरच्यासारखी माणसं. त्यांच्या आनंदाच्या दिवशी एक गाणं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तक्रार आयोजकांशी होती, ती त्यांच्याशी बोलायची.

बी-३०४ काका: बोलायला कोण ऐकत होतं? २१ मार्च १९५४ ला धोबीतलावच्या मेट्रो थिएटरात पहिला सोहळा झाला, तेव्हा बक्षिसं मोजून पाच. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. 'बैजू बावरा'च्या संगीताचं बक्षीस नौशादना मिळालं, ते योग्यच होतं. पण त्या सिनेमात रफी आणि लता गायले होते, गाणी शकील बदायुनींनी लिहिली होती, त्यांच्यासाठी काहीच नाही. मुंबईत लोक रस्त्याने जाताना गुणगुणायचे ते शब्द आणि सूर ना? बाईंकडे आवाज होता, म्हणून आवाजच द्यायचा नाही असं ठरवलं. दुसरं काय होतं त्यांच्या हातात?

सी-००२ आजी: काका बरोबर बोलतायत. मी तेव्हा गिरगावात चाळीत राहायचे. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की आख्खी गॅलरी त्या एका रेडिओभोवती. आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगते. 'महल'ची तबकडी अजून आमच्या कपाटात आहे. नातवाला आत्ताच काढायला लावली. मधल्या गोल कागदावर 'आएगा आनेवाला'च्या खाली गाणाऱ्याचं नाव काय छापलंय सांगू? 'कामिनी'.

डी-५०१ दादा: कामिनी कोण?

सी-००२ आजी: अरे, सिनेमात मधुबालेच्या पात्राचं नाव. गायली लता आणि कागदावर पात्र! गाणं रेडिओवर लागलं आणि गाणारी कोण म्हणून लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे नाव सांगितलं. १९४९ सालची गोष्ट. ज्या मुलीने आपलं गाणं दुसऱ्याच नावावर छापलेलं बघितलं, ती आठ वर्षांनी त्या स्टेजवर कशी गाईल? मला तरी तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

(आजींनी तबकडीचा फोटो टाकला. कागदाची एक कड उंदराने खाल्लीय, पण 'कामिनी' स्पष्ट वाचता येतंय.)

ए-१०२ ताई: आजी, हा फोटो बघून काटा आला अंगावर.

बी-३०४ काका: आणि त्या नकाराचा उपयोग झाला. १९५९ च्या सोहळ्यात गायनाचं बक्षीस सुरू झालं, गीतकाराचंही त्याच वर्षी. गायनाचं पहिलं लताबाईंनाच, 'मधुमती'मधल्या 'आजा रे परदेसी'साठी. गीतकाराचं शैलेंद्रला, 'यहुदी'मधल्या 'ये मेरा दीवानापन है'साठी. पण तेव्हाही गायक-गायिका मिळून बक्षीस एकच. पुढच्याच वर्षी मुकेश, त्याच्या पुढच्या वर्षी रफी. वेगवेगळी बक्षिसं १९६८ च्या सोहळ्यापासून. त्या वर्षी महेंद्र कपूर आणि आपल्या आशाताई.

डी-५०१ दादा: म्हणजे गीतकारांसाठीही भांडल्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बी-३०४ काका: दादा, १९७० चंही बघ. 'जीने की राह'साठी बक्षीस मिळालं आणि त्यानंतर बाईंनी स्वतःच सांगितलं की आता माझा विचार करू नका, नव्या मुलींना द्या. हट्टी बाई असं करत नाही रे.

डी-५०१ दादा: मी त्यांना हट्टी समजत होतो, ते मागे घेतो. तरी शंकर-जयकिशनना त्या दिवशी वाईट वाटलं असणार, एवढं माझं मत राहू द्या.

सी-००२ आजी: वाटलं असेल. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं ती त्यांच्याकडे गायलीच की.

ए-१०२ ताई: निवेदन नवीन लिहिलं. 'चित्रपट चोरी चोरी, १९५६. संगीत शंकर-जयकिशन, शब्द हसरत जयपुरी, आवाज लता मंगेशकर.' मग काकांनी सांगितलेला प्रसंग. आजी, तबकडी त्या रात्री खाली आणाल का? लोकांना दाखवू.

सी-००२ आजी: आणते. पण हात फक्त मी लावणार. आणि पोरीला सांग, शुद्ध कल्याण रागातली चाल आहे, सुरुवातीची घाई करू नको. 'रसिक' म्हटल्यावर 'बलमा'ला दम साठवून ठेवायचा.

ए-१०२ ताई: उद्या सातला क्लब हाऊसमध्ये तालीम आहे, तुम्हीच या ना तिला सांगायला. बी-३०४ काका, तबला आणि पेटी कोण वाजवणार आहे? त्यांचीही नावं निवेदनात घालते.

बी-३०४ काका: तबल्यावर मी. पेटीला डी विंगचा तो कॉलेजचा मुलगा आहे, त्याला विचारून रात्री पूर्ण नाव पाठवतो.