ईको कॅम्पर केलीय, इन्शुरन्स परवडेल असा कसा काढायचा?

डोंगरवाट (पुणे):
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२१ ची ईको आहे, ५ सीटर पेट्रोल, एमएच १२ पासिंग. मागची सीट काढून प्लायचा फोल्डिंग बेड टाकलाय, खाली ड्रॉवर, टपावर कॅरिअर आणि त्यावर सोलर पॅनल, आत लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि छोटा फ्रीज. सगळं मिळून ८० हजारांचं इलेक्ट्रिकल आणि साधारण ४० चं सुतारकाम. पुढच्या महिन्यात पॉलिसी संपतेय आणि डोकं फिरायची वेळ आलीय. ऑनलाइन रिन्यू केलं तर सगळं धरून ७,९०० च्या आसपास येतं, पण तिथे बेडबिड लिहायला कुठे जागाच नाही. एका ब्रँचला जाऊन सरळ सांगितलं की गाडी कॅम्पर केलीय तर म्हणाले मॉडिफाइड गाडी आम्ही घेतच नाही. दुसरीकडे घेतो म्हणाले पण कोट दिला १३,६००. आणि आमचे नेहमीचे एजंट म्हणतात साहेब काही बोलू नका, पॉलिसी चालू असताना रिन्यू होतेय, गाडी बघायला कोण येतंय.
तर प्रश्न असा की सांगायचं की गप्प बसायचं? आणि सांगून पण परवडेल असा काही मार्ग आहे का? शिवाय एक मित्र जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तीच कॅम्पर करायच्या विचारात आहे, त्याला काय सांगू?

नाना_विमावाले (सातारा):
आधी तुमच्या ७,९०० ची फोड करून घ्या म्हणजे कुठे घासाघीस होते आणि कुठे नाही ते कळेल. २०२१ ची ईको १,१९६ सीसी, म्हणजे १,००० ते १,५०० च्या स्लॅबमध्ये. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, २०२२ पासून या स्लॅबला ३,४१६ आहे आणि तो कुठल्याही कंपनीत तोच, त्यात कोणी तुम्हाला 'स्पेशल डिस्काउंट' देतो म्हणाला तर हसून सोडून द्या. वर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आणि १८ टक्के जीएसटी. उरला तो ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, खेळ सगळा तिथेच, कारण तो दर आणि त्यावरची सूट कंपनी आपापली ठरवते. म्हणूनच एक घेत नाही म्हणतो आणि दुसरा १३,६०० सांगतो.
आता तुमचं सामान. कंपनीने बसवून न दिलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी प्रपोजल फॉर्मवर वेगळा रकाना असतो, पॉलिसीवर ते आयएमटी २४ म्हणून चढतं. जुन्या टॅरिफप्रमाणे त्याचा आकार वस्तूंच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ८० हजारांवर ३,२०० आणि जीएसटी, त्यातही कंपनी सूट देऊ शकते. बेड-ड्रॉवर हे नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये, त्याला गाडीचाच दर लागतो. म्हणजे ४० हजाराच्या सुतारकामाने प्रीमियम आभाळाला भिडत नाही. १३,६०० वाल्याला लेखी ब्रेकअप मागा. माझा अंदाज त्याने एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याची सूट) धरलेला नाही. चार वर्षं क्लेम नसेल तर ४५ टक्के बसतो ओन डॅमेजवर, तो कंपनी बदलली तरी तुमच्याबरोबर येतो.
गप्प बसायचं का, तर नाही. एजंटचं कमिशन पॉलिसी काढताना मिळतं, क्लेमच्या वेळी सर्व्हेअरसमोर तुम्ही एकटे उभे असता.

चहाटपरी (ठाणे):
अरे बाबांनो इतकं कशाला. अर्ध्या महाराष्ट्राच्या गाड्यांत काहीतरी बसवलेलं आहे, कोणी सांगतं का? चार वर्षं जुनी गाडी, थर्ड पार्टी काढा ३,४१६ मध्ये आणि फिरा निवांत. उरलेले पैसे बाजूला ठेवा, काही झालं तर त्यातून करा.

कृष्णाकाठ (सांगली):
@चहाटपरी दादा, फिरा निवांत ठीक आहे पण थर्ड पार्टीत आपली गाडी जळाली तर दमडी मिळत नाही, आणि कॅम्परमध्ये खरी भीती धडकेपेक्षा आगीची. आमच्या ओळखीतल्या एकाची ओमनी अशीच पेटली, माणसं बाहेर होती म्हणून वाचली. पॉलिसी फुल होती. मी त्याच्याबरोबर गॅरेजला गेलो होतो तेव्हा सर्व्हेअर आला, वीस-पंचविशीतला पोरगा, त्याने जळालेल्या सीटकडे बघितलं पण नाही, थेट पुढच्या बॅटरीपासून मागे गेलेली वायर हाताने धरत धरत गेला. घरात पंख्याला वापरतात तसली वायर, फ्युज कुठेच नाही, पत्र्याच्या कडेवरून वाकवलेली, तिथेच इन्सुलेशन घासून गेलेलं. त्याने तेवढ्या जागेचे दोन-चार फोटो काढले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की न कळवलेलं, मालकाने स्वतः केलेलं वायरिंग. कंपनीने क्लेम नाकारला. पुढे तो विमा लोकपालाकडे गेला, पुण्यात ऑफिस आहे, फी लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि एक महिना वाट बघणं आलंच. काहीतरी तडजोड झाली म्हणतात पण वर्ष गेलं राव त्यात.
तेव्हा @डोंगरवाट, पॉलिसीआधी वायरिंग. बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्युज, योग्य जाडीची वायर, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पक्कं बिल. बिलावर गाडीचा नंबर लिहून घ्या. आणि घरगुती गॅसचा सिलिंडर आत ठेवत असाल तर कृपया ठेवू नका, त्यावर कुठलाच सर्व्हेअर डोळेझाक करणार नाही.
ट्रॅव्हलरचं उद्या लिहितो, तो वेगळाच पसारा आहे.

स्वराली_के (नाशिक):
एक बावळट प्रश्न. मागची सीट काढलीय तर चौथं-पाचवं माणूस बसतं कुठे? बेडवर?

डोंगरवाट (पुणे):
@स्वराली_के आम्ही तिघं असतो. मुलगी जवळचा प्रवास असेल तर बेडवर बसते, लांब जायचं तर सीट परत बसवतो, बोल्टवरच आहे.

स्वराली_के (नाशिक):
दादा रागावू नका पण जवळच्या प्रवासाला पण सीट बसवा. बेडला बेल्ट नाही. आणि इन्शुरन्सपुरतं बोलायचं तर आरसीवर ५ सीट आणि गाडीत २, वर तिसरं माणूस प्लायवर, हे अपघातानंतर कोणालाही समजावता येणार नाही.

नाना_विमावाले (सातारा):
ताईंचा प्रश्न बावळट नाही, तोच सगळ्यात मोठा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर कंपनीच्या मूळ तपशिलाप्रमाणे जे आहे त्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे माझ्या मते (वकील नाही मी) तुमच्यासाठी सोपा रस्ता हा की सीट जागेवर ठेवायची, आणि बेड असा करायचा की सीट दुमडून त्यावर मांडता येईल आणि हाताने उचलून बाहेर काढता येईल. बॉडीला वेल्डिंग नाही, पत्रा कापणं नाही. मग ते गाडीत ठेवलेलं सामान राहतं, कंपनीला 'मॉडिफिकेशन' म्हणून घाबरायचं कारण उरत नाही आणि कोट पण खाली येतो. ज्या ब्रँचने नाही म्हटलं त्यांनी कॅम्पर हा शब्द ऐकून नाही म्हटलंय, त्यांना विचारा सीट आणि बॉडी मूळ आहे, इतके इतके अॅक्सेसरीज डिक्लेअर करायचेत, घेता का.

थेम्सकाठची_मावशी (रेडिंग, यूके):
भारतातलं मला फार कळत नाही पण इकडचा अनुभव लिहिते, कारण आमच्याकडे जपानवरून आणलेली टोयोटा अल्फार्ड आहे आणि तीही कॅम्पर केलेली, म्हणजे दोन्ही दुखणी एकाच गाडीला. इथे ज्या कम्पॅरिझन साइट्सवर सगळे इन्शुरन्स शोधतात तिथे इम्पोर्ट गाडी टाकली की एकतर मॉडेलच सापडत नाही किंवा आकडा असा येतो की चहाचा कप हातातून पडावा. स्वस्त मिळालं ते फोनवर, इम्पोर्ट आणि कॅम्पर हेच करणाऱ्या ब्रोकरकडून. ते फोटो मागतात, बिलं मागतात, ट्रॅकर बसवा म्हणतात, पण मग अॅग्रीड व्हॅल्यू लिहून देतात, म्हणजे गाडी गेली तर बाजारभावावर भांडण नाही, ठरलेली रक्कम मिळते.
गंमत म्हणजे इथे आरसीसारखं जे व्ही५सी असतं त्यावर 'मोटर कॅरॅव्हॅन' लिहून घ्यायचं तर आत बेड-शेगडी असून भागत नाही, बाहेरून पण ती कॅम्पर दिसायला हवी, दोन्ही बाजूंना ग्राफिक्स, ऑनिंगचा (बाजूला ओढायच्या कापडी छपराचा) दांडा वगैरे. आमच्या अर्जाला नकार आला, गाडी कागदोपत्री अजून खिडक्यावाली व्हॅनच आहे. पण ब्रोकरला त्याने फरक पडला नाही, त्यांनी कॅम्पर म्हणूनच विमा दिला कारण आम्ही सगळं आधी सांगितलं होतं. आणि कोणी नवीन येत असाल तर भारतातला नो क्लेम बोनस इथे सहसा धरत नाहीत, तरी पत्र आणा, विचारायला काय जातंय.

कृष्णाकाठ (सांगली):
हां, ट्रॅव्हलर. @डोंगरवाट तुमच्या मित्राला पहिलं विचारा की जी जुनी गाडी बघतोय ती पिवळ्या पाटीची आहे की पांढऱ्या. पिवळी असेल तर ती प्रवासी वाहतुकीत, थर्ड पार्टीची मूळ रक्कमच मोठी आणि वर प्रत्येक प्रवाशामागे वेगळी, फिटनेस, परमिट, सगळं मागे लागतं. खाजगीत बदलून घेणं हे आरटीओनुसार कमी-जास्त कटकटीचं, ते झाल्याशिवाय टोकन देऊ नको म्हणावं. खाजगी झाली तर इंजिन १,५०० सीसीच्या वरचं, थर्ड पार्टी ७,८९७.
आमची बॉडीबिल्डरकडून करून घेतली. नियमात मोटर कॅरॅव्हॅनची व्याख्या आहे, एआयएस १२४ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात टेबल आणि बसायची जागा, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटं एवढं हवं. ज्या बॉडीबिल्डरकडे त्याची मंजुरी आहे त्याच्याकडून केलं तर आरसीवर तसं चढतं, आणि मग विमा कंपनीशी बोलणं सोपं. गावातल्या फॅब्रिकेटरकडे निम्म्या पैशात होतं हे खरं, पण मग आरसीवर १३ सीट आणि आत किचन.
ऑनलाइन असल्या गाडीचा कोट येतच नाही, ब्रँचला जावं लागतं. माणूस येतो, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतो, आत फोटो काढतो. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, मात्र भांडून घ्या. आम्हाला आधी नुसत्या ट्रॅव्हलरची किंमत लावली होती, आतल्या चार लाखांच्या कामाचा पत्ताच नाही, बिलं पुढे केली तेव्हा वाढवली.

डोंगरवाट (पुणे):
भारी माहिती. सीटचं पटलं, घरून पण तेच बोलणं खातोय. अजून एक, वर्षातले काही वीकेंड गाडी ओळखीच्यांना भाड्याने द्यावी म्हणजे विम्याचे पैसे निघतील असा विचार होता. आणि बायकोच्या जुन्या गाडीचा ५० टक्के एनसीबी आहे, तो या गाडीला लावता येईल का?

नाना_विमावाले (सातारा):
एनसीबी नाही लागणार, तो माणसाला असतो आणि या गाडीची आरसी तुमच्या नावावर आहे. त्यांनी जुनी गाडी विकली असेल तर कंपनीकडून पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षं चालतं, त्यांच्या नावावर पुढची गाडी घेतली की वापरा.
भाड्याचं डोक्यातून काढा. खाजगी पॉलिसीत भाडं घेऊन वापर बसतच नाही, ओळखीचा असो नाहीतर सख्खा मेव्हणा. चोरी झालेली एक खाजगी गाडी भाड्याने चालत होती म्हणून कंपनीने पैसे नाकारले होते, २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात ७५ टक्के मिळाले. पण तिथपर्यंत कोर्टकचेरी कोण करणार, आणि अपघातात कोणी जखमी झालं तर प्रकरण याहून वाईट.
स्वस्त करायचंच तर: ओळीने दोन-तीन ब्रँचना एकच ईमेल पाठवा, सामानाची यादी आणि बिलं जोडून, म्हणजे कोट एकमेकांशी ताडता येतील. व्हॉलंटरी डिडक्टिबल एजंट लोक पुढे करतात, घेऊ नका, जुन्या टॅरिफमध्ये १५,००० स्वतः सोसायची तयारी दाखवली तर सूट जास्तीत जास्त २,५०० होती, कंपन्यांचे आताचे आकडे वेगळे असतील पण हिशोब तसाच. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) तुमच्या बेडला लागू आहे का विचारा, नसेल तर लाकडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात आणि बॅटरीवर सरळ ५० टक्के, मग त्या सुतारकामासाठी जास्तीचे पैसे भरायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर इलेक्ट्रिकल तेवढं डिक्लेअर करून विमा घेतला असता, आणि बेड सामान म्हणून ईमेलमध्ये लिहून कळवला असता पण त्याचं कव्हर सोडलं असतं.
आणि पॉलिसी संपायच्या आत करा, एक दिवस जरी मध्ये गेला तरी इन्स्पेक्शन लागतं, ९० दिवस गेले तर एनसीबी पण जातो.

चहाटपरी (ठाणे):
इन्स्पेक्शन लागलंच तर पॅनल-फ्रीज काढून ठेवा की एक दिवस, अॅपवर फोटोच तर काढायचे असतात.

कृष्णाकाठ (सांगली):
@चहाटपरी उलटं करा हो. ते फोटो वेळ-तारखेसकट कंपनीकडे राहतात, उद्या कोणी म्हणालं की हे आम्हाला माहीतच नव्हतं तर तेच पुढे करता येतात. सगळं बसवलेलं असतानाच काढा, आणि टपावरचं पॅनल दिसेल असा फोटो त्यांनी मागितला नाही तरी ईमेलला जोडा.