शब्दचर्चा: राउटरच्या 'मॅनेजमेंट पोर्ट'ला मराठीत काय म्हणाल?

आयटीआयच्या पोरांसाठी राउटर जोडणीच्या नोट्स मराठीत लिहितोय. एका जुन्या उताऱ्यात मॅनेजमेंट पोर्टला 'व्यवस्थापन बंदर' केलेलं सापडलं आणि मला ते फार खटकलं, बंदर म्हटलं की न्हावाशेवा आठवतं, राउटरच्या मागची केबल खुपसायची जागा नाही. मुलांना एवढं कळायला हवं की इथून इतरांचा डेटा जात नाही, राउटर सांभाळणाऱ्यानेच इथून आत यायचं. शब्द सुचवा ना. आणि तो पोर्ट की ते पोर्ट?

प्रतिसाद १
बंदर चूकच आहे दादा. इंग्रजीत पोर्ट दोन आहेत, जहाजांचं पोर्ट लॅटिन 'पोर्टस' वरून आणि दार या अर्थाचं 'पोर्टा' वरून, कॉम्प्युटरवाल्यांनी हे दुसरं उचललं. म्हणजे आपल्याकडे दार किंवा द्वार. पण द्वार घेतलं तर पुढे गेटवे (आपल्या नेटवर्कमधून बाहेर जायचा रस्ता) येतो तिथे पंचाईत, कारण गेटवेला आधीच प्रवेशद्वार म्हणतात. गेटवेला मी तर 'वेस' म्हणेन, गावाबाहेर जायचं तर वेशीतून, अगदी तेच काम. आणि बोलताना मी तरी तो पोर्टच म्हणतो, ते पोर्ट म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक बंदर असतं.

प्रतिसाद २
मी बरीच वर्षं साइटवर राउटर लावतेय, मला 'दिंडी' सुचतंय. वाड्याच्या, किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्यात माणूस वाकून जाईल एवढा छोटा दरवाजा असतो ना, दिंडी दरवाजा. रात्री मोठा दरवाजा बंद असला तरी आपली माणसं दिंडीतून आत-बाहेर. मॅनेजमेंट पोर्टचं पण तेच, मेन लिंक पडली, राउटिंग गंडलं, तरी इथून एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) करून आत शिरता येतं. चोरदरवाजा मात्र म्हणू नका, तो बॅकडोअरसाठी राहू दे, त्याचा अर्थ वाईट आहे.

फक्त मुलांना कन्सोल पोर्ट (लॅपटॉप थेट जोडून राउटरला कमांड द्यायची जागा) वेगळा सांगा, दोन्हींचं सॉकेट आरजे-४५ च असतं म्हणून घोळ होतो. कन्सोलला तो फिकट निळा चपटा रोलओव्हर केबल लागतो, लॅपटॉपवर पुट्टी (कमांड टाइप करायचं सॉफ्टवेअर) उघडायचं, बहुतेक सिस्को कंपनीच्या राउटरांवर ९६०० बॉड (वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. तिथे आयपी पत्ता लागतच नाही, म्हणून नवा कोरा राउटर आधी कन्सोलवरूनच जागा करायचा, मग दिंडीला आयपी द्यायचा आणि नो शटडाउन (पोर्ट चालू करायची कमांड) मारायचं. हे शेवटचं नवीन पोरं हमखास विसरतात आणि केबल बदलत बसतात.

प्रतिसाद ३
ताई, दिंडी आवडला, पण एक अडतंय. दिंडीतून गेलं तरी माणूस त्याच चौकात येतो. इथे तसं नाही, सिस्कोच्या आयएसआर ४००० वर गिगाबिट इथरनेट ० हा पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (राउटरच्या आतलाच जणू वेगळा राउटर) असतो, त्याचं राउटिंग टेबलच स्वतंत्र. त्यामुळे साधा पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची कमांड) मारला तर उत्तर येत नाही, पिंगमध्ये व्हीआरएफचं नाव द्यावं लागतं, डिफॉल्ट रूटही त्याच व्हीआरएफमध्ये टाकावा लागतो. मी एकदा ह्यापायी अख्खी दुपार घालवलीये, पोर्ट अप, दिवा हिरवा, आणि पिंग जात नाही.

प्रतिसाद २
बरोबर आहे तुमचं. मग असं समजा की ही दिंडी चौकात नाही, थेट कारभाऱ्याच्या खोलीत उघडते, आणि त्या खोलीतून चौकात जायला वाटच नाही.

मूळ धागा
हे झकास. नोट्समध्ये असं लिहितोय: "राउटरची दिंडी (मॅनेजमेंट पोर्ट) साध्या सरळ केबलने मॅनेजमेंटच्या स्विचला जोडा, गिऱ्हाइकांच्या स्विचला नको." पहिल्यांदा कंसात मूळ शब्द देईन, कारण डब्यावर आणि कमांडमध्ये मुलांना तोच दिसणार. कन्सोलला कन्सोलच ठेवतो. आणि वेस पण घेतली, 'वेशीचा पत्ता' (गेटवेचा आयपी) पोरं विसरणार नाहीत.