मिरची 5 किलो दिली, चटणी 4 किलो 300 भरली म्हणून गूगलवर एक स्टार आलाय, काय करू?

गिरणीवाला_कराड:
नमस्कार मंडळी. कराडजवळ आमची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे. धंदा वडिलांचा, तीन वर्षं झाली मी बघतोय. पाडवा ते अक्षय्य तृतीया हाच आमचा खरा सीझन, वर्षाची चटणी सगळे याच दिवसांत करून घेतात, सकाळी सातला डंख (मिरची कुटायचं मशीन) चालू केला की रात्री नऊपर्यंत मान वर काढायला वेळ नसतो. तर गेल्या आठवड्यात एकानं गूगलवर लिहिलंय, "5 किलो मिरची दिली, 4 किलो 300 ग्रॅम परत दिली, बाकीची कुठे गेली? चोर आहेत." एक स्टार. आईशपथ सांगतो आम्ही कुणाची चिमूटभर मिरची ठेवून घेत नाही. आमचे एकूण रिव्ह्यू 11, त्यात हा सगळ्यात वर दिसतोय आणि कालच एक बाई मशीनपाशी उभी राहून म्हणाली, "नीट बघून द्या हं." मला तर कानफाडात बसल्यासारखं झालं. मित्र म्हणतोय त्याला चांगला झाप रिप्लायमध्ये, दुसरा म्हणतोय पन्नास रिव्ह्यू विकत मिळतात, टाकून दे, हा खाली जाईल. शिवाय आधीच गिऱ्हाईक कमी होतंय, पोरी-सुना तयार पाकीट आणतात. काय करावं?

मिरचीचा_ठसका (गडहिंग्लज):
भावा आधी एक सांग. त्याची मिरची घेताना वजन केलंस का? आत येताना म्हणतोय मी, बाहेर जाताना नव्हे.

गिरणीवाला_कराड:
नाही ओ. कांडून झाल्यावर करतो, कारण पैसे तयार मालावर लावतो, किलोला 50. आधीपासून तसंच आहे.

मिरचीचा_ठसका (गडहिंग्लज):
हां, तिथंच मेख आहे बघ. म्हणजे त्यानं किती दिली ते तुला माहीत नाही आणि त्यालाही माहीत नाही, त्याला फक्त बाजारात 5 किलोचे पैसे दिल्याचं आठवतंय. माझा 26 वर्षांचा डंख आहे, हे भांडण मी पहिली सहा-सात वर्षं रोज केलं. नीट बघ काय होतं ते. बाजारातून मिरची येते ती देठासकट, वर पोत्याची ओल. घरी आणली, दोन-तीन दिवस उन्हात टाकली की पाणी गेलं. मग बायका बसून देठ काढतात, देठं गेली, काळी-पांढरी पडलेली मिरची निवडून टाकली ती गेली. आता ही मिरची तुझ्या दारात येते तेव्हाच 5 किलो राहिलेली नसते. त्यानंतर डंखात गरम होऊन आणखी थोडं पाणी उडतं, थोडी खाट, म्हणजे मिरचीची तिखट धूळ, उडते, जी आपण दिवसभर खातो आणि रात्री खोकतो, आणि थोडं उखळाच्या तळाला बसतं. माझ्याकडे कोरड्या निवडलेल्या 5 किलोला दीडशे-दोनशे ग्रॅम घट येते, दमट मिरची आली तर जास्त आणि वर चिकटते ती वेगळीच. तुझ्या त्या माणसाच्या 700 ग्रॅमातले पाचशे त्याच्या अंगणातच गेलेत. पण हे आता सांगून उपयोग नाही, आता सांगितलं की ते चोराच्या उलट्या बोंबा वाटतं. हेच आधी काट्यावर दाखवलं असतंस तर तो मान हलवून गेला असता.

मी काय करतो सांगतो. काटा दाराशी, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. पिशवी आली की त्याच्यासमोर वजन, खडूनं पिशवीवर आकडा, तोच वहीत. कांडून झालं की परत त्याच काट्यावर, दुसरा आकडा खाली. मग ब्रशनं तळ झाडून त्याच्याच पिशवीत टाकायचा, तो बघत असताना. हा तळ लई महत्त्वाचा, पन्नास ग्रॅम असेल पण माणसाचा जीव त्या पन्नास ग्रॅमात असतो. आणि काट्याला वैधमापनवाल्यांचा, म्हणजे काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का दर वर्षी मारून घे, सर्टिफिकेट काट्याच्या वरच लटकव, गल्ल्यामागं देवाच्या फोटोशेजारी नको. गर्दीत एवढं कुठं करू म्हणशील, तर वीस सेकंद लागतात, भांडणाला वीस मिनिटं लागतात.

पैसे पण येणाऱ्या वजनावर लाव. तयार मालावर लावलेस की घट आली तर नुकसान तुझंही होतं हे कुणाला कळतच नाही, उलट तू ठेवून घेतलंस असं वाटतं.

वर्षाची_चटणी:
मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते, माहेर सांगली, आता पुण्यात. दादा वजनाचं बरोबर आहे पण मला विचाराल तर मी डंख बदलला तो वजनामुळे नाहीच. रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी असं मोजून-मापून मी नेलं होतं, घरात लहान मुलं म्हणून लवंगी एक पण घातली नव्हती, आणि घरी येऊन पिठल्यात अर्धा चमचा टाकली तर सासरे पाणी पाणी करत उठले. आधीच्या बाईची लवंगी होती त्या डंखात आणि त्यानं झाडलाच नव्हता. वर मी सांगायला गेले तर म्हणाला, "मिरची तुमचीच तिखट असंल." ते वाक्य मला आजपण आठवतंय, चटणी संपली केव्हाच. चूक झाली होती हो, मान्य केलं असतं तर मी परत गेले असते. मग वरच्या दादांनी तळ झाडायचं सांगितलंय ते दोन्ही कामांचं आहे.

दुसरं म्हणजे वेळ. सकाळी दहाला नंबर लावला आणि तीनपर्यंत मिरचीच्या धुरळ्यात बसले, शिंकून शिंकून जीव गेला. पाकीट आणणाऱ्या सुनांना नावं ठेवू नका, त्यांना चटणी नको असं नाही, त्यांना सुट्टीचा अख्खा दिवस त्या बाकड्यावर घालवायचा नाहीये. फोन करून "तुमचा नंबर आता अर्ध्या तासात" एवढं सांगितलं तरी मी दहा रुपये जास्त देईन. आणि बाहेर सावलीत चार खुर्च्या टाका, पाण्याचा माठ ठेवा.

फलक_रंगवणारा:
मी छोट्या दुकानांची ऑनलाइन कामं करतो म्हणून त्या बाजूनं सांगतो.

विकतचे रिव्ह्यू अजिबात नको. गूगलच्या नियमात बसत नाही, पकडलं तर काढून टाकतात, आणि गावात ते लपत पण नाही, कराडच्या कांडपाला परराज्यातल्या पन्नास लोकांनी पाच स्टार दिले तर कोण विश्वास ठेवेल. "रिव्ह्यू द्या आणि किलोला 5 रुपये सूट घ्या" हे पण चालत नाही, तेही नियमाबाहेर आहे. नुसतं तोंडानं मागा, चटणी हातात देताना, काउंटरवर क्यूआर कोड चिकटवून. अकराचे चाळीस झाले की हा एक स्टार कोण बघतंय.

हा रिव्ह्यू गूगल काढेल या भरवशावर राहू नका. वाईट अनुभव लिहिला म्हणून काढत नाहीत, त्यांचा नियम मोडला असेल तरच. रिपोर्ट करून बघा, पण उत्तर स्वतः द्या. ते उत्तर त्या माणसासाठी कमी आणि पुढं वाचणाऱ्या बायकांसाठी जास्त असतं हे डोक्यात ठेवून लिहा. मी असं लिहिलं असतं:

"दादा, घट कशामुळे आली ते आम्ही तुम्हाला त्याच वेळी वजन करून दाखवायला हवं होतं, ते राहिलं, चूक आमची. आता मिरची घेताना आणि चटणी देताना दोन्ही वेळा तुमच्यासमोर वजन करतो. कधीही या, पुढची एक किलो कांडून देतो, पैसे नकोत, काट्यापाशी उभं राहून बघा."

बस. देठ, ओल, खाट हे व्याख्यान तिथं नको, ते दुकानात बोर्डवर लिहा. आणि हे लिहायच्या आधी वजन खरंच सुरू करा, नाहीतर दुसरा स्टार येईल.

व्हॉट्सअ‍ॅपचं पण सांगतो. बिझनेसवालं अ‍ॅप घ्या, फुकट आहे, त्यात लेबल लावता येतात, "नंबर लागला", "तयार", "पैसे बाकी" असे. गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका, सकाळी गुड मॉर्निंग आणि दुपारी भांडणं. ब्रॉडकास्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. म्हणून पिशवीवर नंबर मोठ्या अक्षरात छापा आणि सांगा, सेव्ह करा, चटणी तयार झाली की मेसेज टाकतो.

मिरचीचा_ठसका (गडहिंग्लज):
हे एक किलो फुकटचं मला पटत नाही. चोर म्हणणाऱ्याला बक्षीस दिलं तर उद्या दहा जण म्हणतील. उत्तर द्यावं, वजन दाखवावं, पुढं त्याची मर्जी.

फलक_रंगवणारा:
काका 50 रुपयांची गोष्ट आहे.

मिरचीचा_ठसका (गडहिंग्लज):
50 रुपयांची नाही, मानाची आहे.

गिरणीवाला_कराड:
सगळ्यांचे आभार. काटा दाराशी आणला, वहीत दोन रकाने केले, वडील आधी फुरंगटले होते ("एवढी वर्षं काय चोऱ्या केल्या का"), आता तेच खडू घेऊन बसतात. उत्तर लिहिलं, फुकटचं वाक्य गाळून, काकांचं ऐकलं. त्या माणसाकडून अजून काही नाही. उन्हात बसणाऱ्यांसाठी ताडपत्री बांधली आणि फोन करून बोलवायचं चालू केलंय, त्यानं बाकडं अर्धं रिकामं झालं, खरंच.

एक गंमत सांगायची राहिली. काल एक काकू आल्या, तीन किलो म्हणाल्या. काट्यावर ठेवली तर 2 किलो 640, देठं काढून वाळवलेली. त्या काट्याकडे बघतच राहिल्या, परत ठेवायला लावली, परत तेच. मला वाटलं आता माझ्यावर येणार. तर म्हणाल्या, "म्हणजे त्या मिरचीवाल्यानं कापलं की मला!" मी म्हटलं तसं नाही ओ काकू, देठं, ओल, सगळं समजावलं, पण कुठलं ऐकतायत. आज सकाळी त्या मिरचीवाल्याचा मला फोन. म्हणतोय, "काटा कशाला लावलाय रे दारात?"